वीज गेली की सोलरही बंद का?

प्रश्न : छतावर ३ किलोवॉटचं सोलर आहे, तरी पावसाळ्यात वीज गेली की अंधारच. बॅटरी जोडावी का?
– एक वाचक, कराड

उत्तर : इन्व्हर्टर बिघडलेला नाही. लाइनवर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून वीज जाताच तो मुद्दाम बंद होतो. नेट मीटरिंग असल्यावर निव्वळ बिल वाचवायला बॅटरी घेणं मला पटत नाही. पीएम सूर्यघरचं ७८,००० रुपयांचं अनुदानही बॅटरीला मिळत नाही. वीज तासन्‌तास जात असेल, तर मात्र हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. फ्रिज, दोन पंखे, चार दिवे म्हणजे सरासरी ३०० वॉट, पाच तासांना दीड युनिट. अडीच-तीन युनिटची बॅटरी पुरे. विक्रेता दहाची गळ्यात मारू पाहील! बोअरची मोटर मात्र तिच्यावर चालवू नका.