अल्प किमतीचा लॅपटॉप : खरेदीपूर्वी करावयाचा विचार

धाराशिव तालुक्यातील बेंबळी परिसरात सोयाबीन हे खरिपाचे महत्त्वाचे नगदी पीक होय. केंद्र शासनाने 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनची किमान आधारभूत किंमत क्विंटलला 5,328 रुपये ठरविली. या दराने 16,000 रुपयांचा लॅपटॉप म्हणजे तीन क्विंटल सोयाबीन झाले. बारावी होऊन महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाने वा मुलीने लॅपटॉपची मागणी केली म्हणजे घरात या तीन क्विंटलांचाच विचार सुरू होतो. पैसा वाया तर जाणार नाही ना, ही पालकांची शंका रास्त आहे. तिचे उत्तर मात्र केवळ किमतीत सापडत नाही.

काम आधी, यंत्र नंतर

प्रथम कामांची यादी करावी. सातबारा उतारा काढणे, महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, निकाल पाहणे, पैसे पाठविणे ही कामे घरातील मोबाइलवर अथवा आपले सरकार सेवा केंद्रात होतात. एवढ्यासाठीच लॅपटॉप घ्यावयाचा असेल, तर तो न घेणेच शहाणपणाचे ठरेल.

टंकलेखनाची गोष्ट निराळी आहे. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट गतीचे प्रमाणपत्र लागते. ही गती मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवून येत नाही. त्यासाठी कळफलकावर रोजचा सराव हवा. प्रकल्प अहवाल लिहिणे, हिशेबाचे तक्ते करणे, संगणक आज्ञावली शिकणे यांसाठीही मोठा पडदा व कळफलक आवश्यक ठरतात. अशी कामे आठवड्यातून बहुतेक दिवस करावयाची असतील, तरच पुढचा विचार करावा.

न बदलता येणारे भाग

स्वस्त लॅपटॉपची खरी कसोटी दोन भागांवर लागते. पहिला भाग म्हणजे रॅम. यंत्र एका वेळी किती कामे हाताळू शकेल, हे तिच्यावर अवलंबून असते. दुसरा भाग साठवणुकीचा. विंडोज 11 साठी किमान 4 जीबी रॅम व 64 जीबी साठवण लागते. परंतु किमान याचा अर्थ पुरेसे असा नव्हे. शेताला पाणी देणाऱ्या पंपाने कसेबसे पाणी उचलणे आणि शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोहोचणे यांत जो फरक आहे, तोच येथेही आहे. 64 जीबीपैकी मोठा वाटा विंडोज व तिच्या सुधारणाच व्यापतात. थोड्याच काळात जागा संपते आणि यंत्र मंदावते.

अनेक स्वस्त यंत्रांत रॅम व ईएमएमसी प्रकारची साठवण मूळ फलकावरच जोडलेली असते. ती पुढे वाढविता येत नाही. म्हणून पदवीच्या तीन-चार वर्षांसाठी यंत्र घेताना 8 जीबी रॅम व 256 जीबीची एसएसडी ही मर्यादा धरावी. केवळ टंकलेखनाचा सराव व वाचन एवढाच हेतू असेल, तर त्याहून लहान यंत्रही चालेल.

खैराटचा धडा

‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत झाला. त्या यंत्रात रॅम अवघी 256 एमबी व साठवण 1 जीबी होती. मात्र उन्हात वाचता येणारा पडदा, धूळ व पाणी सहन करणारा कळफलक आणि अत्यल्प वीजवापर यांची योजना लहान मुलांचे शिक्षण डोळ्यांपुढे ठेवूनच केलेली होती. शंभर डॉलर किमतीचे उद्दिष्ट मात्र साधले नाही. प्रत्यक्ष किंमत जवळजवळ दुप्पट झाली. लहान यंत्र ठरलेल्या कामासाठी बनविले तर उपयोगी पडते. केवळ स्वस्त म्हणून घेतले तर नव्हे, हा यातील बोध होय.

वर्षाचा हिशेब

समजा, 15,000 रुपयांचे यंत्र दोन वर्षांत निकामी झाले, तर वर्षाला 7,500 रुपये पडले. 28,000 रुपयांचे यंत्र पाच वर्षे टिकले, तर वर्षाला 5,600 रुपये. मोठी रक्कम एकदम शक्य नसेल, तर नूतनीकरण केलेला जुना कार्यालयीन लॅपटॉप हा तिसरा मार्ग आहे. मात्र विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असून विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या बहुतेक प्रक्रियकांवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे प्रक्रियकाची पिढी विचारल्याशिवाय जुने यंत्र घेऊ नये. शिवाय बॅटरी किती वेळ टिकते हे पाहून हमीपत्र लेखी घ्यावे.

दुकानातील परीक्षा

नवे असो वा जुने, यंत्र दुकानातच चालवून पाहावे. मराठी मजकुराचे एक पान, आठ-दहा संकेतस्थळे व एक चित्रफीत एकाच वेळी उघडून पंधरा मिनिटे काम करावे. रॅम वाढविता येते काय आणि दुरुस्ती केंद्र धाराशिवला आहे की सोलापूरला, हेही विचारावे. दुरुस्तीसाठी पडणारा प्रत्येक हेलपाटा किमतीतच धरला पाहिजे.

या परीक्षेत यंत्र उतरले आणि घरात त्यावर रोज काम होणार असेल, तर ते सोयाबीन सत्कारणी लागले असे समजावे. न उतरल्यास मुलाला वा मुलीला टंकलेखन वर्गाचे शुल्क द्यावे, मोबाइलला जोडता येणारा साधा कळफलक घ्यावा आणि उरलेली रक्कम पुढील हंगामापर्यंत राखून ठेवावी.