घरात धान्य नसेल तेव्हा
(कौटुंबिक प्रार्थनेसाठी अभ्यासपाठ)



प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोज भाकरी मागतो. ती आपण 'मला' म्हणून मागत नाही, 'आम्हांला' म्हणून मागतो. ज्याचा डबा भरलेला आहे तोही मागतो आणि ज्याचा रिकामा आहे तोही. मागणे ही लाजेची गोष्ट असती, तर प्रभूने ही प्रार्थना आपल्याला शिकवलीच नसती.

तरीही आपल्या धर्मग्रामात काही घरे गप्प राहून अर्धपोटी राहतात. गेल्या पावसाळ्यात सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांना असे एक घर आढळले. त्या कुटुंबाच्या परवानगीने हे लिहीत आहे. घर पक्के, दारात मोटारसायकल, त्यामुळे शेजाऱ्यांना शंका आली नाही. कंपनी बंद पडलेली, साठवलेला पैसा आजारपणात गेलेला. तीन आठवडे मोठी माणसे पेजेवर आणि मुले शाळेतल्या खिचडीवर दिवस काढत होती. का सांगितले नाही, असे विचारल्यावर उत्तर आले, "लोक काय म्हणतील?"

बायबल काय शिकवते?

१) एलिया (१ राजे १७) : दुष्काळात देवाचा संदेष्टा सारफथच्या एका गरीब विधवेकडे भाकर मागतो. मागितल्याने त्याचे मोठेपण कमी झाले नाही.

२) रूथ (रूथ २; लेवीय १९) : शेताच्या कडेचे पीक मालकाने कापू नये, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावीत, असा नियम होता. परदेशी विधवा रूथ बवाजाच्या शेतात वेचायला गेली ती या नियमाच्या आधाराने. बवाज दयाळू होताच, पण तिला तो हक्कही होता. हीच रूथ पुढे दाविदाची आणि म्हणून येशूचीही पूर्वज झाली.

३) प्रेषितांची कृत्ये ६ : रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होत होते. तक्रार आली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना दटावले नाही, तर सात जणांची नेमणूक करून व्यवस्था सुधारली.

काही जण संत पौलाचे वचन पुढे करतात (२ थेस्सलनीका ३) की, जो काम करत नाही त्याने खाऊ नये. वचन नीट वाचावे. पौल काम करण्याची इच्छा नसलेल्यांविषयी बोलतो. काम न मिळालेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ते लागू होत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण

१३ व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न तर्काने सोडवला. खाजगी मालमत्ता योग्य आहे, कारण माणूस स्वतःच्या वस्तूची नीट काळजी घेतो. पण देवाने सृष्टी सर्वांच्या गरजेसाठी निर्माण केली, हा नियम त्याहून मूलभूत आहे. म्हणून आपल्या गरजेपेक्षा जास्त असलेल्यावर गरिबाचा हक्क आहे. जीव वाचवण्याची वेळ आली आणि दुसरा मार्ग उरला नाही, तर त्यापुरते घेणे ही चोरी ठरत नाही, इतक्या टोकापर्यंत ते जातात. अर्थ असा की, देणारा उपकार करत नसतो आणि घेणारा मिंधा होत नसतो.

याच विचाराने १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांसह गरिबांच्या घरी जाण्यास सुरुवात केली आणि सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था उभी राहिली. १९६७ साली अमेरिकेतील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली 'फूड बँक' सुरू केली. दुकानांनी टाकून दिलेल्या अन्नावर मुले पोसणाऱ्या एका आईने त्यांना सुचवले होते की, पैशांसारखी अन्नाचीही बँक हवी, ज्याच्याकडे जास्त आहे त्याने ठेवावे आणि गरज असेल त्याने काढावे. तिला पहिली जागा सेंट मेरीज या धर्मग्रामाने दिली.

गरज पडल्यास काय करावे?

१) आजच चूल पेटणार नसेल तर : संस्थेच्या कोणत्याही सभासदाला, सिस्टरांना किंवा मला सांगा. पहिल्या पिशवीसाठी कोणताही दाखला लागत नाही. दोन सभासद घरी येतील. ते नको असेल तर पिशवी कार्यालयातून न्यावी. नाव वेदीवरून वाचले जात नाही की या पत्रकात छापले जात नाही. धर्म किंवा गाव विचारले जात नाही. भाडेकरूंनाही हे सांगा.

२) रेशन : २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. नवीन सुनेचे, बाळाचे नाव कार्डात घाला आणि ई-केवायसी पूर्ण करा. परराज्यातील पात्र कार्डधारकाला इथल्या दुकानातही धान्य घेता येते. दुकानदार नकार देत असेल तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात लेखी तक्रार द्यावी. अर्ज लिहायला आमचे सभासद मदत करतील.

३) मुले व माता : सहा वर्षांखालील मुले, गरोदर व स्तनदा माता यांना अंगणवाडीतून आहार मिळतो. सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारचे जेवण मिळते.

देणाऱ्यांसाठी

धान्यपेटीत तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ द्यावे. जे आपण स्वतः शिजवणार नाही ते टाकू नये. "खरोखर गरजू आहेत का?" ही चौकशी किती करावी? संत जॉन क्रिझोस्टोम यांनी बजावले आहे की, भुकेल्याची उलटतपासणी करणे हे आपले काम नव्हे. एखाद्याने आपल्याला फसवून पाच किलो तांदूळ नेला, तर आपला तांदूळ गेला. खरा भुकेला चौकशीच्या भीतीने परत फिरला, तर मत्तय २५ प्रमाणे आपण प्रभूलाच परत पाठवले.

चिंतनासाठी प्रश्न

१) आपल्या आळीत गेल्या काही महिन्यांत कोणाचे काम सुटले? आपण त्यांच्या घरी गेलो का?
२) मदत मागणाऱ्याविषयी आपण मुलांसमोर कसे बोलतो?
३) उद्या आपल्यावर ही वेळ आली तर आपण प्रथम कोणाला सांगू? ते नाव आजच ठरवून ठेवा.

प्रार्थना : हे प्रभो, मागणाऱ्याला धीर दे, देणाऱ्याला नम्रता दे आणि आमच्या धर्मग्रामात कोणालाही उपाशीपोटी झोपू देऊ नकोस. आमेन.

– आपला प्रमुख धर्मगुरू