‘उंबरठा’ : आपल्याला काय कमी आहे?

हॉस्टेलवर पिक्चर म्हटला की मारामारी नाहीतर कॉमेडी, हे ठरलेलंच! पण परवा आम्ही चौघांनी रूमवर लॅपटॉपवर ‘उंबरठा’ पाहिला आणि संपल्यावर बराच वेळ कुणी बोललंच नाही. म्हणून हा छोटासा अभ्यास.

‘उंबरठा’ १९८२ सालचा. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची ‘बेघर’. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. नायिका सुलभा महाजन म्हणजे स्मिता पाटील, आपल्या शेजारच्या खानदेशातल्या शिरपूरच्या घराण्यातली.

सुलभाचं सासर श्रीमंत आणि सुशिक्षित. नवरा नावाजलेला वकील (गिरीश कर्नाड), सासूबाई स्वतः समाजकार्यात. पण सुलभा लहान मुलीला घरी ठेवून संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षक म्हणून जायचं म्हणते, तेव्हा घर बिथरतं. आश्रमातही तिला भ्रष्ट कारभार आणि हतबल बायका दिसतात. ती भांडते, शेवटी राजीनामा देऊन परतते. तोवर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते, मुलगी दुरावलेली असते. सुलभा पुन्हा घर सोडते. शेवटी ती दिसते आगगाडीत, एकटी.

यातून शिकण्यासारखं काय? पहिलं म्हणजे, या घरात सुलभाचा छळ करणारा खलनायक कुणी नाही. सगळं मिळतं, फक्त स्वतःचं काम निवडायला बंदी. दुसरं, समाजसेवा घराला मान्य आहे, पण घराची घडी न मोडता केलेली! तिसरं, जागं होणं फुकट नसतं. सुलभा लेकीला गमावते आणि दिग्दर्शक ते लपवत नाही. ती बरोबर की चूक, हे आपल्यावर सोडतो.

आता खरं सांगतो. आमचं नांदगावला कापडाचं दुकान. घर मोठं, खाऊनपिऊन सुखी. गेल्या दिवाळीत ताईला पुण्याहून नोकरीचं पत्र आलं. अण्णा एवढंच म्हणाले, “आपल्याला काय कमी आहे?” आई गप्प. मी तिथेच मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो होतो. माझ्या शिक्षणासाठी घर सोडताना मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, उलट स्टेशनवर सोडायला सगळे आले होते. ताईने पत्र घडी घालून कपाटात ठेवलं.

पिक्चर पाहताना मला सुलभापेक्षा तिच्या घरातली माणसंच जास्त ओळखीची वाटली. त्यांच्यात मीही होतो.

ताईला रात्री फोन केला. म्हणाली, “आता आठवलं होय रे तुला?” चूक माझीच. तिने दुसरीकडे अर्ज केलाय. या शनिवारी घरी जातोय, अण्णांशी बोलायला. ते ऐकतील की नाही, माहीत नाही. पण या वेळी मोबाईल खिशात राहील.

तुम्हीही ‘उंबरठा’ जरूर पाहा. आणि घरी कुणाचं पत्र कपाटात पडलंय का, तेही पाहा!