मोल आणि किंमत



लग्नसराई जवळ आली की घराघरांत हिशेब सुरू होतात. दागिना किती तोळ्यांचा, शालू कुठला, नवऱ्या मुलाच्या गळ्यात काय? याच सुमारास तरुण मुले विचारतात, "फादर, वाघनखाचे लॉकेट, हस्तिदंताचा क्रूस, मगरीच्या कातड्याचा पट्टा अशा वस्तूंना लोक हजारो-लाखो रुपये मोजतात. त्या खरंच तेवढ्या मोलाच्या असतात का?" प्रश्न चांगला आहे. तो पैशाचा वाटतो, पण आहे श्रद्धेचा. म्हणून आज त्यावर थोडा विचार करू या.

शुभवर्तमानातील महाग वस्तू

हाच प्रश्न बेथानी गावी प्रभू येशूसमोर विचारला गेला होता. संत योहानाच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय उघडून पाहा. मरियेने शुद्ध जटामांसीचे सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतले. जटामांसी ही हिमालयातल्या उंच डोंगरउतारांवर वाढणारी वनस्पती. तिच्या मुळाचे तेल काढतात. ते इतक्या दूरच्या देशात पोहोचेपर्यंत किती महाग झाले असेल! यहुदा इस्कार्योताने त्याची किंमत तीनशे दिनार सांगितली. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराची एका दिवसाची मजुरी एक दिनार आहे. म्हणजे ही जवळजवळ वर्षभराची मजुरी. आजची मजुरी रोज पाचशे रुपये धरली, तरी दीड लाख रुपये होतात.

यहुदाने विचारले, हे विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत? त्याचा हिशेब बरोबर होता, पण मन बरोबर नव्हते. योहान स्पष्ट सांगतो की त्याला गरिबांची काळजी नव्हती. पैशांची थैली त्याच्याकडे असे आणि तो तीतले पैसे चोरत असे. प्रभूने मरियेची बाजू घेतली. यावरून पहिली गोष्ट कळते: महाग वस्तू म्हणजे पाप, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही.

गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत, हे प्रभूचे बोल काही जण हात आखडण्यासाठी वापरतात. पण ते अनुवादाच्या पुस्तकातील पंधराव्या अध्यायाची आठवण करून देतात. तेथे पुढची आज्ञा अशी आहे की, म्हणूनच गरजू भावासाठी आपला हात सैल सोड.

किंमत कशावरून ठरते?

संत अगस्तीन यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. निसर्गाच्या क्रमात जिवंत प्राणी निर्जीव वस्तूपेक्षा श्रेष्ठ. तरीही घरात उंदीर असण्यापेक्षा भाकरी असावी, असेच कोणीही म्हणेल. म्हणजे बाजारात किंमत ठरते ती माणसाच्या गरजेवरून आणि इच्छेवरून. देवाने त्या जिवाला दिलेल्या दर्जाचा बाजारात विचार होत नाही. आठशे वर्षांनी संत थॉमस अक्विनस यांनी खरेदी-विक्रीतील न्यायाची चर्चा करताना याच विचाराचा आधार घेतला.

गरजेची किंमत समजते. म्हशाच्या यात्रेत बैल घेताना आपण दात बघतो, चाल बघतो, खांदा बघतो. घोंगडी घेताना वीण आणि लोकर हाताने चाचपतो. किंमत आणि वस्तू यांचा मेळ घालतो. वाघनखाच्या बाबतीत काय बघतो? ते ज्या पदार्थाचे बनलेले असते, तोच केराटिन नावाचा पदार्थ आपल्या बोटांच्या नखांत असतो. शिवाय बाजारात विकली जाणारी बरीच वाघनखे बनावट असतात. गुरांची शिंगे किंवा खूर कोरून ती तयार करतात. घेणाऱ्याला फरक कळत नाही, बघणाऱ्यालाही कळत नाही. मग पैसे कशाचे दिले? चार लोकांच्या नजरेचे. ती नजर उद्या दुसऱ्याच्या गळ्याकडे वळते.

न दिसणारी किंमत

काही वस्तूंची खरी किंमत पावतीवर लिहिलेली नसते. आपल्या ख्रिस्ती परंपरेतलेच उदाहरण घेऊ. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत गोव्यात हस्तिदंताच्या सुंदर मूर्ती घडत असत. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पोर्तुगीज गलबतांतून हस्तिदंत येई आणि येथील कारागीर त्यातून क्रुसावरील ख्रिस्त, पवित्र मरिया, बाल येशू उत्तम मेंढपाळाच्या रूपात कोरत. जुन्या गोव्यातील संत मोनिका मठाच्या वास्तूत ख्रिस्ती कला संग्रहालय आहे, तेथे ही कला पाहता येते. त्या हातांचे कौशल्य आणि भक्ती यांपुढे आपण मान लववतो.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. हत्तीच्या सुळ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग कवटीत रुतलेला असतो. हत्ती जिवंत ठेवून सबंध सुळा काढता येत नाही. मेंढरांसाठी प्राण देणाऱ्या मेंढपाळाची मूर्ती घडवण्यासाठी दुसऱ्याच जिवाचा प्राण गेला होता. त्या काळी हा विचार फारसा कोणाच्या मनात आला नसेल. आपल्याला मात्र तो टाळता येणार नाही. १९८९ साली हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्त्या होऊन देशी आणि आफ्रिकी, दोन्ही हस्तिदंतांचा व्यापार बंद झाला.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. सह्याद्रीच्या रानात खवले मांजर आहे, बिबट्या आहे. खवले मांजर मुंग्या आणि वाळवी खाऊन जगते. भीती वाटली की अंगाचे वेटोळे करून पडून राहते, म्हणून माणसाच्या हाती सहज सापडते. त्याच्या खवल्यांतही तेच केराटिन. पण कोणीतरी पाड्यावर येऊन सांगतो, "एवढे आणून दे, इतके पैसे देतो." मोठा पैसा कमावणारा दूर शहरात राहतो. फासा लावणारा आपल्यातलाच एखादा गरीब माणूस असतो. वाघ, बिबट्या, खवले मांजर यांच्या शिकारीला कायद्याने किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आहे. घरातला कमावता हात तुरुंगात गेला, तर मुलांच्या शाळेचे आणि चुलीचे काय? त्या लॉकेटची किंमत अशी तीन ठिकाणी वसूल होते: रानात, पाड्यावर आणि घेणाऱ्याच्या आत्म्यात.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ साली आपल्या परिपत्रकात सांगितले की खरेदी ही केवळ आर्थिक कृती नसते, ती नैतिक कृतीही असते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात तोच विचार पुन्हा मांडला.

मग सुंदर वस्तू घ्यायचीच नाही का?

तसे नाही. संत थॉमस यांनी थोर कामासाठी मोकळ्या हाताने खर्च करणे हा सद्गुण मानला आहे आणि तेथे कंजूषपणा करणे हा दोष. लेकीच्या लग्नात ऐपतीप्रमाणे चांगले लुगडे घ्यावे. विणकराचे कष्ट त्यात आहेत, त्याचे घर त्यावर चालते. वेदीसाठी चांगला कालिसही असावा. पण संत योहान क्रिसोस्तोम यांचा इशारा लक्षात ठेवावा: मंदिरात ख्रिस्ताला रेशमाने सजवायचे आणि दाराबाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवायची, हे चालणार नाही.

कोणाच्या घरी पूर्वजांची हस्तिदंती मूर्ती असेल, तर तिचा अपमान करू नये. ती विकूही नये. कागदपत्रांविषयी वनखात्याकडे चौकशी करावी. नवी मात्र घेऊ नये. सागवानी क्रुसापुढे केलेली प्रार्थना देवापर्यंत तितकीच पोहोचते.

चिंतनासाठी प्रश्न

महाग वस्तू घेण्यापूर्वी घरात सर्वांनी मिळून हे तीन प्रश्न विचारावेत.

१. ही वस्तू कोठून आली? तिच्यासाठी कोणाचा जीव, कोणाची मजुरी किंवा कोणाची अब्रू गेली आहे का?

२. ही कोणासाठी आहे? मरियेने तेल दुसऱ्यावर ओतले, स्वतःच्या केसांना लावले नाही.

३. हिच्यामुळे घरात प्रेम वाढेल की कर्ज?

प्रार्थना: हे प्रभो, रानातला प्रत्येक जीव तुझ्या हातची निर्मिती आहे. आम्हाला दिखाव्याच्या मोहातून सोडव. जे खरोखर मोलाचे आहे ते ओळखण्याची दृष्टी दे आणि त्यासाठी मोकळ्या हाताने देण्याचे मन दे. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू