नळाचं पाणी प्यावं का? (न्यू जर्सीत नव्याने येणाऱ्यांसाठी)

एडिसनहून:
पहिल्याच आठवड्यात आपली मंडळी गाडीत बाटल्यांचे केस भरभरून आणतात. आधी पाण्याच्या कंपनीचा वार्षिक अहवाल काढा, दरवर्षी १ जुलैपर्यंत निघतो. त्यात 'लेड' म्हणजे शिशाची ओळ वाचा. आकडा १५ पीपीबीच्या वर गेला की कंपनीला उपाय करावेच लागतात. मग तळघरात मीटरपाशी येणारा पाइप नाण्याने खरवडा. आतून मऊ, चंदेरी निघाला आणि चुंबक चिकटलं नाही, तर तो शिशाचा. १९८६ साली नव्या शिशाच्या पाइपांवर बंदी आली, त्यामुळे नंतरच्या घरांत हा धोका फार कमी. पाइप शिशाचा असेल तर 'एनएसएफ ५३' असा शिक्का आणि शिशाचा स्पष्ट उल्लेख असलेला फिल्टर घ्या. ४२ नंबरचा चव-वासापुरता. चहा-भाताला गार नळाचंच पाणी, गरम नळाचं कधीही नाही.

नेवार्कला शिकलेल्या एकाकडून:
नळाच्या पाण्यात शिसं निघाल्यामुळे २०१९च्या ऑगस्टमध्ये इथे शहरानेच बाटल्या वाटल्या. आई फोनवर रोज सांगायची, "उकळून पी रे." गावी पावसाळ्यात तेच करायचो, पण उकळून शिसं जात नाही; पाणी आटतं आणि शिसं मागे राहतं. आमचा पाइप कशाचा, हे विचारायला पाणीखात्यात गेलो, तर म्हणे मालकाला विचारा. मालक म्हणे, पाणीखात्याला विचारा. तीन आठवडे हेलपाटे घातले! दर खेपेला नवी खिडकी, तोच फॉर्म. शेवटी तळघराची किल्ली मागून घेतली आणि स्वतःच पाइप खरवडला. शहराने पुढे सुमारे २३ हजार शिशाचे पाइप बदलले हे खरं, पण माझा विश्वास बसायला फार दिवस लागले. अजूनही मी बाटली घेतो.

प्लेन्सबरोच्या एका आजींकडून:
पाहुणा दारात आला की त्याच्या हाती प्लॅस्टिकची बाटली देऊ नका. तांब्या-भांडं पुढे करा. नातवंडं बघतात आणि तसंच शिकतात. आमच्याकडे फिल्टरचं पाणी पितळी कळशीत असतं, आणि नातू शाळेतून आला की ओगराळं स्वतः उचलतो.

विहिरीच्या पाण्यावर कोणी लिहून पाठवलं नाही. एवढंच: विहीर असलेल्या घराची खरेदी-विक्री होताना पाण्याची तपासणी कायद्याने करावीच लागते. तो कागद मागून घ्या.