भोपाळचे महाल आणि बागा : आत्याचे कानमंत्र

भाचरांनो, भोपाळला येऊन सांची आणि भीमबेटका उरकून परत जाणारे पुष्कळ. नवाब-बेगमांचे महाल आणि बागा बघायच्या असतील, तर मात्र तयारी वेगळी लागते. इथले महाल राजस्थानातल्यासारखे झाडूनपुसून मांडून ठेवलेले नाहीत. कुठे पडझड, कुठे प्रदर्शन, कुठे हॉटेल, तर कुठे नुसतं कुलूप. म्हणून या चार गोष्टी गाठीला बांधा.

आधी पाणी शोधा. भोपाळमध्ये महाल तलावाला धरून उभे आहेत. राणी कमलापतीचा महाल मोठ्या तलावाच्या बांधावर आहे, आणि त्याच बांधाच्या दुसऱ्या अंगाला 1794 मध्ये छोटा तलाव झाला. शाहजहान बेगमेचा ताजमहाल मोतिया तलावाच्या काठी. या तलावाखाली आणखी दोन तलाव आहेत. वरचा भरला की पाणी खालच्यात उतरतं. कुठल्याही महालात शिरलात की पाणी कुठून येत होतं आणि कुठे जात होतं, एवढं विचारायचं. पंप नव्हते तेव्हा कारंजं उडायला पाणी उंचावरूनच यायला हवं. ती उंची आणि पाण्याचे पाट सापडले, की बाग कशी आखली ते आपोआप कळतं.

इस्लामनगर सकाळीच गाठा. बैरसिया रस्त्याने शहरापासून दहा-बारा किलोमीटर. 2023 पासून गावाचं नाव पुन्हा जगदीशपूर झालंय, पण रिक्षावाल्याला दोन्ही नावं सांगा. भोपाळ संस्थान उभं करणाऱ्या दोस्त मोहम्मद खानाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे ठाणं केलं. चमन महालासमोर चारबाग आहे, लाल दगडाच्या खांबांवर फुलांची नक्षी आहे. आधी बागेच्या टोकाला जाऊन महालाकडे तोंड करून उभे राहा, मग आत शिरा. हमामखाना चुकवू नका. ऊन तापल्यावर दगड असा भाजतो की बघणं राहतं बाजूला, माणूस नुसती सावली शोधत फिरतो.

राहणाऱ्यांच्या नजरेने बघा. 1819 ते 1926 इथे एकामागून एक चार बेगमांनी राज्य केलं. त्यातल्या पहिल्या कुदसिया बेगमेने 1820 च्या सुमारास मोठ्या तलावाकाठी गौहर महाल बांधला. तिथे हातमागाची, हस्तकलेची प्रदर्शनं भरतात. तसं काही चालू असेल तर दुकानं नंतर, चौक आधी. चौकात उभं राहून वर बघा: वारा कुठून येतो, बाहेरच्याची नजर कुठे अडते. ताजमहालात सावन-भादों नावाचा मंडप आहे, भर उन्हाळ्यात पावसाळ्याचा भास व्हावा म्हणून केलेला. तिथे आत सोडतीलच याची खात्री नाही, तेव्हा बाहेरचा दरवाजाही सावकाश बघा.

चौकीदाराशी आधी बोला, मोबाइल नंतर काढा. 'सलाम भाईजान' म्हणून पाच मिनिटं गप्पा मारल्या, तर कुठला जिना धड आहे आणि कुठल्या खोलीत वटवाघळं आहेत ते तोच सांगतो. तो नको म्हणाला त्या गच्चीवर जायचं नाही. आतल्या वस्त्यांत लोक राहतात. त्यांच्या दाराखिडक्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत.

आपण मराठी आहोत हे लपवू नका, मिरवूही नका. बाजीरावाने निजामाला भोपाळला कोंडलं आणि जानेवारी 1738 मध्ये दुराहा-सराईला तह करायला लावला, हे आपण शाळेत शिकलो. भोपाळकरांना मात्र 1812-13 चा वेढा आठवतो. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बाहेर आणि शहर लढवणारा वजीर मोहम्मद आत. शहर काही पडलं नाही. कुणी ती गोष्ट रंगवून सांगू लागलं, तर ऐकून घ्या. आपल्या घरी न ऐकलेली बाजू फुकट मिळते.

पाय आणि पोट सांभाळा. तळ जाड असलेले बूट, पाण्याची बाटली, अंधाऱ्या जिन्यासाठी छोटी बॅटरी. सकाळी पोहे-जिलबी खाऊनच निघा, कारण इस्लामनगरला जेवणाची सोय गृहीत धरता येत नाही. परतल्यावर जुन्या शहरात मीठ घातलेली चाय मागा. पहिला घोट विचित्र लागेल. उन्हातून आल्यावर दुसरा कप तुम्हीच मागाल.

महिना आणि वार बघून या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली. पाण्याचं सगळं गणित डोळ्यांनी बघायचं असेल तर भाद्रपदात या, तलाव तुडुंब असतात. फक्त शेवाळलेल्या पायऱ्यांवर जपून. सोमवारी इथली संग्रहालयं बंद असतात, तो दिवस इस्लामनगरला द्या.

आणि एका दिवसात दोनच ठिकाणं. पाच महाल धावत बघितलेत, तर रात्री जेवताना कुठलं कारंजं कुठल्या चौकात होतं, ते मी विचारणार आहे.