ट्रॅक्टरच्या क्लचची मोकळीक : पेरणीपूर्वी तपासा

मृगाच्या पावसानंतर आपल्या भारी काळ्या जमिनीत वाफसा फार दिवस टिकत नाही. अकोला व अमरावती जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात तर पाऊस पडला की चिखल आणि ऊन तापले की ढेकळे. अशा वेळी पेरणीयंत्र जोडलेला ट्रॅक्टर क्लच जळून धुऱ्यावर उभा राहिला, तर पेरणी पुढच्या वाफशावर जाते. कृषिविद्येच्या अध्यापकाने क्लचवर लिहावे हे काहींना नवल वाटेल. पण वेळेवर पेरणी हा आमच्याच विषयातील पहिला धडा आहे.

क्लच प्लेट ही फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली असते. पॅडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून क्लचच्या बोटांवर दाब देते व प्लेट सुटते. पाय काढल्यावर बेअरिंग आणि बोटे यांच्यात जेमतेम दोन-तीन मि.मी. अंतर राहिले पाहिजे. हेच अंतर पॅडलवर वाढून 'मोकळीक' म्हणून जाणवते. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये ती २० ते ४० मि.मी.च्या दरम्यान असते. नेमका आकडा मात्र आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्यावा, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून नव्हे.

प्लेटचे अस्तर झिजते तसतशी बोटे बेअरिंगकडे सरकतात व मोकळीक कमी होते. पुष्कळांना वाटते की झिजल्यावर पॅडल सैल पडेल. प्रत्यक्षात उलटे घडते. मोकळीक संपली की बेअरिंग सतत बोटांवर घासते, प्लेट पूर्ण दाबली जात नाही, इंजिन आवाज करते पण ट्रॅक्टर ओढत नाही आणि जळका वास येतो. चालविताना पाय पॅडलवर ठेवून बसण्याची सवय हेच नुकसान करते. मोकळीक फार जास्त असल्यास क्लच पूर्ण सुटत नाही व गिअर खरखरतो. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पॅडल पूर्ण दाबूनही पीटीओ थांबला नाही, तर मळणीयंत्रापाशी काम करणाऱ्या माणसाच्या हातावर बेतू शकते.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करावे, गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा, हँडब्रेक लावून चाकांना उटी द्यावी. पॅडलजवळ पट्टी उभी धरून पॅडल हाताने दाबावे. जेथे विरोध लागतो तेथपर्यंतचे अंतर मोजावे. फरक असल्यास पॅडलच्या दांडीवरील चेकनट सैल करून दांडीची लांबी थोडी थोडी बदलावी, दर वेळी मोजावे व शेवटी चेकनट घट्ट आवळावा. हायड्रॉलिक क्लच असलेल्या मॉडेलची पद्धत वेगळी असते. तेथे पुस्तिका पाहावी.

दांडीचे आटे संपूनही मोकळीक मिळत नसेल तर प्लेट बदलण्याची वेळ झाली. यासाठी ट्रॅक्टर इंजिन व गिअर बॉक्स यांच्यामध्ये फोडावा लागतो. हे काम मिस्त्रीकडेच द्यावे, पण जवळ उभे राहून दोन गोष्टी पाहाव्यात. एक, प्लेट डमी शाफ्टने मध्यावर बसविली का व सर्व बोटांची उंची सारखी आहे का. दुसरी अधिक महत्त्वाची : दोन्ही भाग हाताच्या जोराने व हलक्या ढकलीने एकमेकांना मिळाले पाहिजेत. फट राहिली असताना बोल्ट आवळून ती मिटविणे म्हणजे प्लेटचा मध्यभाग वाकविणे. शाफ्ट किंचित फिरवून दाते जुळवावेत, मगच बोल्ट लावावेत.

ऑटोमॅटिक गिअर बॉक्सच्या मोटारीतही हाच नियम आणखी कडक आहे. तेथे क्लचच्या जागी तेलावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो गिअर बॉक्समधील पंपाच्या खाचांत पूर्ण आत बसला, तर घरे जुळल्यावरही तो हाताने फिरतो व इंजिनच्या पातळ चकतीपासून साधारण दीड ते पाच मि.मी. दूर राहतो. ही फट न राहता बोल्ट आवळले, तर इंजिन सुरू होताच पंप फुटण्याची भीती असते.

नवीन प्लेट बसविल्यावर सुरुवातीच्या दिवसांत अस्तर बसते व मोकळीक लवकर बदलते. म्हणून पहिल्या आठवड्याच्या कामानंतर पट्टी घेऊन पुन्हा मोजावे आणि आकडा दुरुस्तीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावा.